पंख्याचा अर्धा फेरा

गौरीनं बटण दाबलं. आतला पंखा अर्धा फेरा फिरला, चुकीच्या घरी आल्यासारखा थबकला आणि थांबला. पडदा काळाच राहिला.

विलासराव दाराशी उभे होते. पायजम्याला थर्मोकोलचे दाणे चिकटले होते. झटकले की ते हाताला चिकटत, हात झटकला की पुन्हा पायजम्यावर येत. कोऱ्या प्लास्टिकचा वास तीन दिवस बैठकीत मुक्कामाला होता. टेबलावर पूर्वी रेडिओ असे, तिथं आता पोट उघडलेला एक डबा आडवा पडला होता आणि त्याची रंगीत आतडी बाहेर लोंबत होती. हे बघत माणसानं पोहे खायचे होते.

या कॉम्प्युटरचा एकेक भाग गौरीनं इंदूरहून उज्जैनला बसनं आणला होता. मदरबोर्ड तर नानाखेड्याच्या बसस्टँडपर्यंत मांडीवर घेऊन, शेजारच्या बाईला मुलाला नीट धरायला सांगत. जोडणी तिनं स्वतः केली होती. फ्रीगंजमधल्या एका गाईडवाल्या प्रकाशकाचं टायपिंगचं काम तिनं धरलं होतं. पहिली चाळीस पानं सोमवारी संध्याकाळी द्यायची होती. नाही दिली तर काम इंदूरला जाणार होतं, आणि शाळेतली नोकरी नाकारल्याची तिची ऐट त्याच बसनं मागोमाग जाणार होती. आज रविवार होता.

गौरीनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"बाबा, काय केलंत?"

"मी?"

"काल जोडणी संपवून दुपारी मी वायर आणायला बाजारात गेले होते. आई भिशीला. घरी तुम्हीच होता."

"मी पेपर वाचत होतो."

"कुठं बसून?"

"खुर्चीवर."

"मतलब याच खोलीत."

कुसुमताई पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या. "अहो, कबूल करून टाका ना. पोहे गार होतायत."

विलासरावांवर आयुष्यात बरेच आरोप झाले होते. ते सगळे खरे असल्यामुळं त्यांना ते सोपे गेले होते. खोटा आरोप सोसायचा सराव त्यांना नव्हता.

सत्त्याऐंशी साली त्यांच्या बँकेच्या शाखेत खातेवह्या, म्हणजे लेजरं, लिहिणारं पहिलं मशीन आलं, तेव्हा ते हेड कॅशियर होते आणि कर्मचारी संघटनेचे सचिवही होते. मशीनविरुद्धची घोषणा त्यांनी स्वतः रचली होती, आणि ती यमकात बसत नसतानाही महिनाभर दिली होती. चौथ्या दिवशी मशीनचा पडदा काळा पडला. मुंबईहून इंजिनिअर आला. त्यानं आतली कार्डं पेन्सिलीच्या रबरानं घासली, मग बदलली, मग महाकालाचं दर्शन घेऊन आला. अकरा दिवस पडदा काळा तो काळाच. शेवटी मशीन खोक्यात भरून परत गेलं. ही गोष्ट घरात दर दिवाळीला पाहुण्यांसमोर होई. 'कामगारांच्या निर्धारापुढं यंत्र हरलं' हे तिचं शेवटचं वाक्य. लहानपणी गौरी त्यावर टाळ्या वाजवायची. मोठी झाल्यावर तिनं हार्डवेअरचा कोर्स केला, आणि निर्धारानं पडदा काळा पडत नाही हे तिला समजलं.

"मी रागावणार नाही," ती म्हणाली. "फक्त कुठं हात लावलात ते सांगा. टाईम नाहीये माझ्याकडे."

"मी हात लावला नाही. मला त्याची किळस येते."

"तेव्हाही येत होती."

"तुझ्या गळ्याची शपथ."

"माझा गळा राहू द्या. मला तो उद्या प्रकाशकाशी बोलायला लागणार आहे."

कुसुमताईंनी बशीत शेव घातली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर नवऱ्याचा चेहरा वाचता येतो असं म्हणतात. त्या वाचत होत्या, आणि चुकीचं वाचत होत्या.

"मी सरांनाच बोलावते," गौरी उठत म्हणाली.

"कुठले सर?"

"यज्ञेश्वर सर. टॉवर चौकामागं ज्यांचं दुकान आहे ते. ज्यांच्याकडे कोर्स केला."

विलासरावांनी बशी खाली ठेवली. मुलीच्या सरांचं नाव यज्ञेश्वर आहे हे ते दोन वर्षं ऐकत होते. या नावाची उज्जैनात चिकार माणसं असतील, असं त्यांनी दोन वर्षं धरून चालवलं होतं.

"रविवारी कशाला त्रास द्यायचा त्यांना?"

गौरीनं आईकडे पाहिलं, आईनं गौरीकडे. निकाल लागला. गौरी फोन करायला शेजारी गेली.

बँकेतला यज्ञेश्वर तेव्हा सव्वीस वर्षांचा कारकून होता. मशीन चालवायला सहा आठवडे मुंबईला शिकून आलेला शाखेत तो एकटाच, त्यामुळं मशीन बंद पडल्यावर चौकशीला हाताशी तोच सापडला. त्यानं मशीनवर चहा सांडला, असा निष्कर्ष निघाला. तो चहा पीत नसे, पण ते लिहायला अहवालात रकाना नव्हता. त्याची बदली आडबाजूच्या अलीराजपूरला झाली. संघटना प्रत्येक बदलीचा निषेध करत असे, एकदा तर शिपायाच्या मेव्हण्याच्या बदलीचाही केला होता, आणि तो मेव्हणा बँकेत नव्हता. यज्ञेश्वरच्या वेळी मात्र सचिवांना ताप होता. सात दिवस.

स्कूटर फाटकाशी थांबली. यज्ञेश्वरचे केस कानांवर पांढरे झाले होते. त्यानं चपला बाहेर काढल्या, आत आला आणि हात जोडले.

"नमस्कार, कॉम्रेड."

"तुम्ही ओळखता एकमेकांना?" गौरीनं विचारलं.

"एका ब्रांचला होतो. तुझे बाबा आमचे नेते."

"सर, दोन वर्षांत कधी बोलला नाहीत."

"तुझ्या फॉर्मवर वडिलांचं नाव वाचलं होतं. पण विषय काही निघाला नाही." तो डब्यावर वाकला. "काय होतंय?"

"पंखा अर्धा फेरा फिरतो आणि बंद. सीधी बात आहे सर, बाबांनी काहीतरी केलंय आणि सांगत नाहीयेत."

यज्ञेश्वरनं मान वर करून विलासरावांकडे पाहिलं. घाई न करता पाहिलं.

"मी काही केलेलं नाही," विलासराव म्हणाले. वाक्य खरं होतं आणि तोंडातून बाहेर पडताना इतकं खोटं वाजलं की त्यांना स्वतःलाच ते ओशट लागलं.

"बॅटरी धरता का जरा?" यज्ञेश्वर म्हणाला.

विलासरावांनी बॅटरी धरली. दहा मिनिटं ते आपल्याला नकोशा वाटणाऱ्या वस्तूच्या पोटात उजेड पाडत राहिले, आणि ती बरी करणाऱ्याच्या मानेकडे बघत राहिले. यज्ञेश्वरनं केबली सोडवल्या, कार्डं काढली. एका कार्डाची खाच त्यानं जरा जास्त वेळ निरखली. बॅटरीचा उजेड हलला.

"हात स्थिर, कॉम्रेड."

मग त्यानं मदरबोर्डच उचलून बाजूला ठेवला. खाली डब्याच्या पत्र्यावर पितळी खुंट्या चमकत होत्या. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून त्यावर तो बसवतात.

"हे स्टड किती लावलेस?"

"नऊ. पुडीत नऊच होते."

"आणि बोर्डाला भोकं?"

गौरीनं बोर्ड हातात घेऊन पाहिला. तिचा आवाज खाली आला. "सहा."

"मग हे तीन?"

"उरले असते, सर."

"उरू द्यायचे."

"आमच्याकडे काही उरलं की कुठंतरी चूक झाली समजतात. बाबा कॅशला होते ना. संध्याकाळी मेळ बसला नाही तर घरी येत नसत. मी लहानपणी झाकणं, बटणं, सगळं कुठंतरी बसवूनच उठायची."

"भोक नाही तिथं ही खुंटी बोर्डाला खालून टोचते," यज्ञेश्वर म्हणाला. "वीज आत आली की सरळ डब्यात उतरते. शॉर्ट. पंखा बिचारा काय करणार." त्यानं तीन खुंट्या काढून टेबलावर ठेवल्या. "कॅशियरची मुलगी आहेस. बाबांनी कालच नाही, वीस वर्षांपूर्वीच बिघडवून ठेवलंय."

कुसुमताई हसल्या. विलासरावांना हसता आलं नाही.

सगळं परत जोडल्यावर गौरीनं बटण दाबलं. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. एक बारीक शीळ वाजली, पडद्यावर पांढरी अक्षरं एकामागून एक उतरू लागली. गौरी खुर्चीत बसली आणि थोडा वेळ तिनं दोन्ही हात तोंडावर धरून ठेवले.

"बाबा," मग ती म्हणाली, "सॉरी. मी उगाच तुमच्यावर आळ घेतला. पुन्हा नाही असं करणार."

"मीही हो," कुसुमताई म्हणाल्या. "थांबा, पोहे परत गरम करते."

विलासरावांनी मान हलवली. माफी मिळाली की तोंड गोड होतं असं त्यांनी ऐकलं होतं. ही जिभेवर दोनदा तापवलेल्या तेलासारखी पसरली.

यज्ञेश्वरला सोडायला ते फाटकापर्यंत गेले. त्यानं किल्ली लावली, पण किक मारली नाही.

"कॉम्रेड, एक विचारू? राग नाही. निव्वळ धंद्यापुरतं."

"विचार."

"तेव्हा काय घातलं होतंत?"

समोरच्या घराची बाई अंगणात पापड वाळत घालत होती. त्यांनी ती पुढच्या ओळीवर जाईपर्यंत वाट पाहिली.

"गोंद. बँकेच्याच बाटलीतला. कार्ड बसतं त्या खाचेत, आगकाडीनं."

यज्ञेश्वरचे डोळे बारीक झाले. तो मनातल्या मनात ते मशीन उघडत होता. "खाचेत. मतलब कार्डं बदलून फायदाच नव्हता."

"नव्हता."

"आणि वाळल्यावर दिसणारही नाही."

"नाही दिसत."

"वा," यज्ञेश्वर म्हणाला. एका कारागिरानं दुसऱ्याला म्हणावं तसं म्हणाला.

विलासरावांची छाती आपोआप किंचित पुढं आली. ती तशी आलेली त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांना स्वतःची जी शिसारी आली तिच्यापुढं तो थर्मोकोल, ते प्लास्टिक, काहीच नव्हतं.

"अलीराजपूरला तीन वर्षं हेच कोडं सोडवत बसायचो," यज्ञेश्वर म्हणाला. "नंतर नोकरी सोडली. मी चहा पीत नाही, कॉम्रेड. तरी दुसऱ्या वर्षी वाटायला लागलं होतं, सांडला असेल मीच."

त्यानं किक मारली. स्कूटर पहिल्याच किकला सुरू झाली.

विलासराव आत आले तेव्हा गौरी पडद्यासमोर सरसावून बसली होती.

"बाबा, या ना. हिंदी फाँट बघायचाय. काय टाईप करू?"

"श्री लिही," कुसुमताई आतून म्हणाल्या.

गौरीनं श्री लिहिलं. "पुढं?"

विलासरावांनी खुर्ची ओढली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्या टेबलाशी बसले.

"पत्र लिही. बँकेच्या हेड ऑफिसला."

"तुम्हाला रिटायर होऊन दोन वर्षं झाली. पेन्शनचं काही?"

"लिही. प्रति, महाप्रबंधक, कार्मिक विभाग."

तिची बोटं भराभर चालली. "विषय?"

"लेजर मशीन पर चाय गिराने के संबंध में."

"चहा? कुणी सांडला?"

"यज्ञेश्वरनं. असं त्यांच्या कागदात आहे."

गौरीनं विषय टाईप केला. बँकेचं पत्र कसं असतं हे ती लहानपणापासून बघत आली होती. "संदर्भ लागेल," ती म्हणाली. "त्या कागदाचा ज्ञापन नंबर. कपाटातली फाईल काढू?"

"नको. लिही. स्थापना, तिरपी रेघ, सत्त्याऐंशी, तिरपी रेघ, चारशे बारा. दिनांक नऊ सप्टेंबर."

तिनं ते टाईप केलं. स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला होता.

"आता मजकूर," विलासराव म्हणाले. "चाय नहीं गिरी थी."

गौरीनं टाईप केलं आणि पुढच्या ओळीवर थांबली.