दारावरचा अरबी शब्द

संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळाच्या दिवशी आमच्या गिरगावच्या वाडीतले झाडून सगळे मोर्चाला गेले आणि रामदास पेटीवाला पेटी खांद्यावर घेऊन निघाला एका गुजराती शेठाणीकडे. म्हातारी शेवटच्या घटका मोजत होती, तिला भजन ऐकायचं होतं. पण हे आम्हाला मागाहून कळलं. दुसऱ्या दिवशी रामदासच्या दारावर डांबरानं लिहिलेलं: गद्दार. अक्षर लवूचं. समितीच्या पाट्या तोच रंगवायचा.

रामदासनं कुणाला जाब विचारला नाही. "रविवारी शिवडीला मेव्हण्याकडे बिऱ्हाड हलवतो," एवढंच म्हणाला. शनिवारी त्याच्या दारासमोरच चौकात कीर्तन होतं, तरी बाहेर आला नाही.

हेरंबबुवा पेटीवाचूनच उभे राहिले. लवू झांजेवर.

"मंडळी, मराठीसाठी आपण लाठ्या खातोय, मग शिवी तरी मराठीत द्यावी की नाही? गद्दार शब्द अरबांचा. फारशीचं बोट धरून हिंदुस्तानीत आला, तिथून आपल्याकडे."

"मग फितूर म्हणा!" मागून राधाबाई.

"तोही तिकडचाच, माई. दगाबाज, बेइमान, सगळे पाहुणे!"

हशा पिकला. लवूही हसला.

"पाहुणा आला तर येऊ दे, आपण पाट मांडू. पण हाच गद्दार तुर्कांकडे गेला, तिथं त्याचा अर्थ झाला निर्दय. म्हणजे बघा, मरणाऱ्या म्हातारीला देवाचं नाव ऐकवणारा तिथं गद्दार नाही. त्याच्या दाराला डांबर फासणारा गद्दार!"

झांज थांबली. लवू उठला. बुवांनी डोळे मिटून नामाचा गजर धरला, आम्ही मागे म्हणत राहिलो. पण कान सगळ्यांचे रामदासच्या दाराकडे.

"वहिनी, फडकं द्या," तिथून लवूचा आवाज आला.

"रॉकेलपण घे," रामदासची बायको कांतावहिनी म्हणाल्या. "पाण्यानं तीन दिवस घासतेय मी."

लवू घासू लागला. आतून रामदास ओरडला, "अरे हळू, दार सोलशील!"

"भाऊ, तुम्ही सांगितलं असतं तर..."

"तू विचारलंस कुठं?"

लवूनं फडकं पुन्हा रॉकेलमध्ये बुडवलं.

रामदास उंबऱ्यात आला. चौकाकडे कान देऊन उभा राहिला.

"बुवा बघ कुठल्या पट्टीत चढलेत. पेटी नसली की असंच करतात, मग आठवडाभर घसा धरून बसतात." तो आत वळला. "बघतोस काय? हात धू आणि पेटीला एका बाजूनं धर."