निळ्या कव्हरची घडी

नमुन्याची दहा कव्हरं छापून आली आणि दहाच्या दहा घडीवर फुटली. गडद निळ्यातून पांढऱ्या भेगा अशा डोकावत होत्या, जणू मांजरीने ओरबाडलंय.

"रंगच चुकलाय तुझा," डिझाइनच्या सरांनी निकाल देऊन टाकला. "एवढा गडद रंग घडीवर टिकतो होय? ते पांढरं कव्हर घेऊ, शाळेच्या इमारतीच्या फोटोचं. आणि इथे सही कर, बदल तुला मान्य आहे म्हणून."

वर्गात या मुलीला सगळे फुटपट्टी म्हणत. अंगाने तशीच, आणि दप्तरात स्टीलची पट्टी कायम. छपाईच्या शाखेत उरलीसुरली पोरं टाकतात, असं बाकीच्या शाखांचं मत. त्यांच्या प्रश्नपत्रिका या पोरांनी छापायच्या, बक्षिसांची प्रशस्तिपत्रकं यांनी छापायची, आणि वर अक्कल नाही तीही यांनाच! फुटपट्टीने हे दोन वर्षं ऐकून घेतलं होतं. मोठ्या छापखान्यात शिकाऊंसाठी यंदा एकच जागा होती आणि तिथला मालक मार्क विचारत नव्हता, छापलेलं काम दाखव म्हणत होता. शाळेच्या वार्षिक अंकाचं निळं कव्हर हे तिचं काम. ते गेलं की जागाही गेली.

"सही नाही करणार, सर."

मशीनवाले काका हातावरची शाई पुसता पुसता थांबले.

"का गं? आईला विचारून सांगतेस?" सरांनी टोमणा मारला.

"आईने आधीच सांगून ठेवलंय. कागद उलटा मुरगळला तर तो बोंब मारणारच."

आई बायंडिंगच्या खोलीत वीस वर्षं घड्या घालत होती. नखांत खळ, बोटांवर कागदाचे चरे. तिला कुणी सर्टिफिकेट दिलं नव्हतं, पण कागदाची नुसती कड चाचपून ती त्याची सगळी कुंडली सांगायची.

फुटपट्टीने फुटक्या कव्हरचा चौकोनी तुकडा कापला. अंकाचा कणा, म्हणजे कव्हरची घडी, ज्या दिशेने येते, तिकडे पेन्सिलने रेघ मारली. नळाखाली एकच बाजू ओली केली आणि तुकडा टेबलावर ठेवला. बघता बघता तो वळला आणि त्याची नळी झाली. रेघेला चक्क आडवी.

"लाकडाला असतात तसे कागदालाही रेशे असतात, सर. नळी होते ती रेशांच्या दिशेने. कणा त्यांच्या बाजूने यायला हवा होता, आपण आडवा आणला. यात निळ्याने काय पाप केलंय?"

सरांचे कान लाल झाले. एका मोठ्या कागदात चारच्या जागी सहा कव्हरं बसावीत म्हणून त्यांनी स्वतः कागद फिरवून कापून घेतला होता.

"आता तू मला शिकवणार?"

"नाही सर, हे तुम्हीच शिकवलंय. पहिल्या वर्षी पाच मार्कांचा प्रश्न होता. मला पाचपैकी पाच दिले होते तुम्ही."

काका फसकन हसले. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

"काका, तुम्ही गप्प बसा," सर म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. माणूस वाईट नव्हता. आयुष्यभर पुस्तकातून शिकवलं, आणि पुस्तकातला कागद कधी भिजत नाही.

त्यांनी ती नळी उचलली, सरळ केली, सोडली. ती पुन्हा वळली.

"पन्नास कागद कापून झालेत," ते शेवटी म्हणाले. "त्यांचं काय करू, लोणचं घालू?"

"प्रदर्शनाच्या पाट्या करू. पाटीला कुठे घडी पडते? न कापलेले ऐंशी उरलेत. चारच्या हिशेबाने तीनशे वीस कव्हरं. आपल्याला तीनशेच हवीत."

म्हणजे पोरीने मोजूनसुद्धा ठेवलं होतं.

तासाभराने नवं कव्हर मशीनमधून आलं. शाई वाळेपर्यंत कुणी त्याला हात लावला नाही. मग सरांनी स्वतः घडी घातली, अंगठ्याने दाबली, उघडली, पुन्हा दाबली. निळा अखंड राहिला.

काकांनी ते कव्हर टेबलावर पसरलं. "सही कुणाची? माझा नियम माहितीये, नमुन्यावर सही झाल्याशिवाय मशीन चालू नाही. पुढे काही बिघडलं तर सही करणाऱ्याची मान धरणार."

सरांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि फुटपट्टीपुढे धरलं.

तिने कोपऱ्यात आपलं नाव लिहिलं. आखूड नाही, आडनावासकट पूर्ण.

"चालू करा, काका."