लिलाववाल्या मावशींचा आवाज

भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारणाऱ्या मावशी वॉर्डात दाखल झाल्या तेव्हा त्यांचा घसा पार बसला होता. पण बोलायची हौस तसूभरही कमी झाली नव्हती. औषधांची ट्रॉली दिसली की त्या खरखरत्या आवाजात सुरू व्हायच्या, "ही कडू गोळी कोण घेतंय, बोला! पहिली बोली कुणाची?" अख्खा वॉर्ड हसायचा, आणि ट्रॉली ढकलणारी नर्सही.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी ती मावशींची मान साफ करत होती. मावशी खुशीत होत्या.

"एकदाचा घसा मोकळा होऊ दे गं. मग बघ, पलीकडच्या गल्लीतून गिऱ्हाईक खेचून आणते की नाही."

नर्सचा हात थांबला. "मावशी, उद्या काय करणार आहेत, सांगितलंय ना तुम्हाला?"

"गाठ काढणार. लेक म्हणाला ना."

गाठ निघणारच होती, पण तिच्याबरोबर स्वरयंत्रही जाणार होतं. श्वासासाठी गळ्याला भोक राहणार आणि आवाज कायमचा जाणार. डॉक्टरांनी हे मुलाला नीट समजावलं होतं. आईला मीच सांगतो, असं तो म्हणाला होता. मग संमतीपत्रावर त्याने बोट ठेवलं तिथे मावशींनी सही करून टाकली होती.

नर्सने त्याला व्हरांड्यात गाठलं. त्याचे डोळे आधीच तांबारले होते.

"सिस्टर, हात जोडतो. कळलं तर ती ऑपरेशनला तयारच व्हायची नाही. मग काय, मरू देऊ तिला?"

"आणि शुद्धीवर आल्यावर त्या तुम्हाला हाक मारायला गेल्या तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. जिवंत तर असेल!"

तिने हे वॉर्डच्या मुख्य नर्सबाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "घरच्यांच्या भानगडीत पडू नकोस गं बाई. वरून बोलणी मला खावी लागतात." तिने ऐकून घेतलं, हात धुतले आणि तडक डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"त्यांना माहीतच नाही?" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "उद्याचं सगळं ठरलंय, सिस्टर."

"हो सर. पण गळा त्यांचा आहे. तुम्ही सांगा, मी शेजारी बसते."

डॉक्टर उठले, मावशींच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. मावशी दारात उभ्या मुलाकडे वळल्या.

"मला काय भाजीची पाटी समजलास? न विचारता उचलून द्यायला?"

मुलाने मान खाली घातली.

"डॉक्टर, थांबता येईल?"

"थोडे दिवस. फार नाही."

"मग मला आधी घरी जायचंय."

जाताना मुलगा नर्सला म्हणाला, "ती परत आली नाही, तर लक्षात ठेवा."

त्या दिवसांत एकदा घरी नर्सने आमटीत दोनदा मीठ घातलं. सासूबाईंनी विचारलं, "काही चुकलं का गं तुझं कामात?"

"नाही हो आई. चुकलं असं नाही वाटत. भीती मात्र वाटते."

मावशी आल्या. स्वतःच्या पायांनी, ताठ मानेनं, मागून पिशवी घेऊन लेक. ऑपरेशन पार पडलं. नंतर मात्र त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या, ड्रेसिंगला आलेल्या नर्सचा हात झिडकारायच्या. होईल सगळं नीट, असं ती एकदाही म्हणाली नाही. त्या शांत होईपर्यंत थांबायची, हलक्या हाताने काम उरकायची, थोडा वेळ बसायची.

एका सकाळी मुलगा व्हरांड्यात तिच्याजवळ येऊन घुटमळला.

"आई घरी नुसती बोलत होती. तिच्या बहिणीला फोन, मामाला फोन, बाजारात जाऊन सगळ्यांना शिव्या घालून आली. मला तर अख्खी संध्याकाळ झापलं." तो हसला. "आणि बाबांबद्दल असं काही सांगितलं, मला ठाऊकच नव्हतं. सगळं तिच्या पोटातच राहिलं असतं, सिस्टर."

तेवढ्यात आतून ठणठण आवाज आला. मावशी भिंतीकडे पाठ करून बसल्या होत्या आणि चमच्याने खाटेचा दांडा बडवत होत्या. नर्स धावली. मावशींनी कपाळावर आठ्या घालून खिडकीकडे बोट दाखवलं. तिने खिडकी उघडली, तशी खालच्या भाजीवाल्याची आरोळी आत आली. अजून, असं त्यांनी हातानेच खुणावलं. तिने दोन्ही झडपा सताड उघडल्या.