कमी आवाजाचं मशीन

सुनेने डब्याचं झाकण काढलं आणि पिठाचा गोळा पीठ मळायच्या मशीनच्या भांड्यात सोडला.

"घरून पीठ घेऊन येणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय," दुकानदार म्हणाला. "तुमच्या बजेटात बसणारं हे एवढं एकच आहे बरं का. बाकीची मशीनं झकास, पण किंमतही तशीच."

"चालवा तर आधी."

त्याने बटण दाबलं. मशीनने असा काही गजर लावला, की पलीकडे पंखे बघणारं जोडपं मान वळवून बघायला लागलं. मळायच्या आकड्याभोवती गोळा गरगरत होता आणि अख्खं मशीन टेबलावरून इंच इंच सरकत होतं.

"हे तर थेट तुझे सासरे," खुर्चीवर टेकलेली सासू म्हणाली. "एक काम सांगितलं, की सगळी गल्ली गोळा."

सून हसली, पण डोळे काही हसायला तयार नव्हते. दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्री धरून दंड भरून यायचे आणि घर निजलं, की तिची दुसरी पाळी सुरू.

सासूच्या मनगटात आता जोर राहिला नव्हता. तरी जेवणं आटोपली, की ती पावाचं पीठ मळायची, झाकून ठेवायची आणि समाधानाने आडवी व्हायची. त्या पिठाची वीट व्हायची. पहिल्यांदा झाली तेव्हा सासूने कुणाला हात लावू दिला नाही. दिवसभर एकटीनेच चहात बुडवून संपवली. डोळ्यांपायी शिवण सुटलं होतं, गुडघ्यांपायी बाजार. हातात एवढं एकच काम उरलेलं. ते कोण काढून घेणार?

मग रात्री आवाज होऊ नये म्हणून सून परातीखाली टॉवेलची घडी घालायला लागली. तेच पीठ गुपचूप पुन्हा मळायचं आणि होतं तसं झाकून ठेवायचं. सकाळी पाव कसा मस्त फुलायचा. नवरा मिटक्या मारत म्हणायचा, "आईच्या हाताला तोड नाही बुवा!" सून चहा गाळत राहायची.

मशीन केकसाठी हवंय, असं तिने घरी सांगितलं होतं, दुकानातही.

"यापेक्षा कमी आवाजाचं नाही का?" तिने विचारलं.

"आहे की, दुपटीने महाग. पण मॅडम, केक काय दिवसाच करणार ना? मग आवाजाचं एवढं काय?"

दुकानदाराने मशीन थांबवलं, गोळा चिमटीत धरून ताणला. तो तटकन तुटला.

"हे मळलंय कुणी? धड मळलेलंच नाही. उगाच आमच्या मशीनला नावं ठेवाल."

"मीच मळलं," सून घाईघाईने म्हणाली. "कामावर जायच्या गडबडीत."

सासूने तिच्याकडे पाहिलं. ते पीठ सकाळी सासूनेच मळलं होतं, चांगलं घाम निघेपर्यंत. तिने दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीखाली सरकवले.

"हेच बांधा," ती दुकानदाराला म्हणाली.

"अहो आई, आवाज ऐकलात ना? आपण दुसरीकडे बघू."

"ऐकला. त्याच्याखाली टॉवेल पुरायचा नाही."

सुनेचा हात डब्याच्या झाकणावर तसाच राहिला. दुकानदार आतून खोकं आणायला गेला होता.

"आई, मी..."

"संध्याकाळीच लावत जाऊ," सासू म्हणाली. "माझ्यासमोर. पण मीठ मी घालणार. तुझा हात फार सढळ आहे."

"बरं."

बसमध्ये खोकं दोघींच्या मांड्यांवर मिळून मावलं. दोन वळणं गेली नसतील, तोच सुनेची मान कलंडली, सासूच्या खांद्यावर आली आणि तिथेच राहिली. खोकं घसरायला लागलं तसं सासूने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

त्यांचा स्टॉप आला. कंडक्टरने मागे वळून हाक मारली, "आजी, उतरायचंय ना?"

सासूने ओठांवर बोट ठेवलं. मग हलक्या हाताने पिशवीत चाचपून सुट्टे पैसे काढले.

"दोन द्या," ती कुजबुजली. "शेवटच्या स्टॉपची."