चालू वादनात दार हलवू नये

"धावत येऊ नकोस," असं सकाळी आमच्या ह्यांनीच सांगितलं होतं. "सातला सुरू होईल. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी पहिला भाग संपला की तुला हळूच आत सोडतो. बावीस वर्षं त्या दारात तेच करतोय."

म्हणून मी धावले नाही. रुग्णालयाच्या धुलाईघरात शेवटच्या चादरी इस्त्री होऊन निघत होत्या. मुकादमीण म्हणाली, या चारांच्या कडा दुमडल्यात, पुन्हा फिरव. फिरवल्या. अंगावरचा निळा झगासुद्धा न बदलता बस पकडली आणि सात वाजून सहा मिनिटांनी सभागृहाच्या पायऱ्या चढले.

दाराला पाठ लावून हे उभे होते, काळ्या कोटात. मला पाहिलं आणि ह्यांचा चेहरा पडला.

"अगं, घोटाळा झालाय."

"कसला?"

"याला मध्ये थांबाच नाही. चारही भाग एकाला एक जोडलेत. आत्ता कार्यक्रमाचा कागद वाचला तेव्हा कळलं."

इथे वाजणाऱ्या सगळ्या जुन्या रचना ह्यांना पाठ, पण दाराबाहेरून. एक भाग संपला की वाजवणारे दम घेतात, लोक साठवलेला खोकला काढतात. तेवढ्या फटीत हे उशिरा आलेल्याला आत सरकवतात. आजची रचना शंभरेक वर्षांपूर्वीची, पण या सभागृहाला नवी. मुलीने घरी सांगितलं होतं, "चार भाग आहेत, तिसऱ्याची सुरुवात मी एकटीच करते." मध्ये थांबता का, हे तिला कोणी विचारलंच नाही. ह्यांनी गृहीत धरलं. आणि ह्यांच्या गृहीतावर मी चार चादरी इस्त्री करत बसले.

आत आमची मुलगी वाजवत होती. दोन व्हायोलिन, एक चेलो, आणि तिचा व्हायोला. व्हायोलिनपेक्षा अंगाने थोराड, आवाजाने खालचा. व्हायोला एरवी तिचे गुरुजी वाजवतात. त्यांचा खांदा धरला होता. मध्यंतरानंतरची रचना हातात बसलेली होती, ती ते कशीबशी वाजवणार होते. ही अवघड, म्हणून शिष्येला पुढे केलं. वीस मिनिटं. तेवढीच तिची.

आणि मी माझ्या मुलीला कधी ऐकलेलं नाही. चौदा वर्षं ती आमच्या स्वयंपाकघरात वाजवतेय, पण भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याने पहिल्याच महिन्यात बोंब मारली. तेव्हापासून तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्यावर जाड रबरी चिमटा. चिमटा लावला की वाद्य तोंडावर उशी दाबल्यासारखं बोलतं. तिच्या परीक्षा बंद खोलीत, बाकी कार्यक्रमांच्या वेळी मी धुलाईघरात कामावर. आज पहिल्यांदा उशी निघणार होती.

"उघडा ना जरासं," मी म्हटलं. "मांजरासारखी जाईन."

"दार करकरतं. पोरगी दचकली तर?"

"पोरगी चौदा वर्षं माझ्या कुकरच्या शिट्टीत वाजवतेय. दाराला दचकते होय!"

"हळू बोल. नियम आहे." ह्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. चालू वादनात दार हलवू नये.

"नियम माहीत होता, तर 'धावू नकोस' कुणी सांगितलं?"

ह्यांनी कोटाचं वरचं बटण चाचपलं.

"तुमच्यापेक्षा देवाचं दार बरं. तिथे कथा रंगात आलेली असली तरी उशिरा आलेल्याला हाकलत नाहीत. बसलेले सरकतात, जागा देतात."

"देवाला मॅनेजर नसतो," हे म्हणाले.

एरवी मी हसले असते. त्या वेळी मात्र असं वाटलं की ह्यांच्या कोटाचं एकेक बटण उपटून हातावर ठेवावं. मी दाराला कान लावला. आत काहीतरी खदखदत होतं, चौघं एकमेकांवर तुटून पडल्यासारखे. पण लाकडातून येणारा सूर तोच, उशीखालचा. पोटच्या पोरीपासून मी चार बोटं जाडीच्या फळीइतकी दूर, आणि फळीवर माझाच नवरा राखणीला!

"घरी चला," मी म्हटलं, "मग बोलते."

"बोल. चूक माझीच आहे," हे म्हणाले. चूक कबूल केली की भांडायला जागा उरत नाही, हे ह्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलंय. मला त्याचाही राग आला.

तेवढ्यात चहाच्या खोलीतून मॅनेजर बाहेर आला, आणि त्याच्यासोबत देणगीदार. पुढच्या रांगेतल्या प्रत्येक खुर्चीवर त्यांच्या नावाचं पितळ ठोकलंय, म्हणून इथले नोकर त्यांना आपसात 'पितळी पाटी' म्हणतात. हातात अर्धं बिस्किट होतं.

"अजून चालूच आहे का?" पितळी पाटीने विचारलं.

"या ना साहेब, या." मॅनेजर ह्यांना म्हणाला, "बाजूला हो."

ह्यांच्याहून वीस वर्षांनी लहान आहे तो.

"साहेब, आत चालू आहे," हे म्हणाले.

"मला कान आहेत."

मॅनेजरने ह्यांना खांद्याने सारलं आणि दार ओढलं. दार करकरलं, ते पार छतापर्यंत. पितळी पाटी आत गेली, बुटांचा टकटक आवाज करत, मधल्या वाटेने थेट पुढे. आणि नेमक्या त्याच क्षणी बाकीचे तिघं थांबले, एकटा व्हायोला उरला.

मी पाऊल उचललं. मॅनेजरचा हात आडवा आला.

"बाई, तुम्ही मध्यंतरात."

"आत्ता गेले ते?"

"ते वेगळे."

वेगळे! ही पितळी पाटी उद्या आजारी पडली तर माझ्याच चादरीवर झोपेल, तेव्हा तिची कडा दुमडलेली चालणार नाही. आत वाजवतेय ती माझी मुलगी, आणि वेगळी मी! जिभेवर काय काय आलं ते लिहिण्यासारखं नाही. पण ओरडले असते तर तिच्याच सुरावर ओरडले असते. दात दाबून उभी राहिले. माझ्या रागाचा चिमटा मीच लावला.

मॅनेजरने दार लोटायला मुठीला हात घातला. दार अर्ध्यावर आलं आणि अडलं. खाली ह्यांचा बूट होता.

"पाय काढ," मॅनेजर कुजबुजला.

"नाही साहेब."

"मी सांगतोय."

"आणि पाटी सांगतेय," हे म्हणाले. "चालू वादनात दार हलवू नये."

"थट्टा करतोस? उद्या ऑफिसात ये, मग बघतो."

"येतो. उद्या दार हलवायला हरकत नाही."

मॅनेजरने मूठ जोरात रेटली. दार पुन्हा करकरलं. शेवटच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी मान वळवली आणि ओठांवर बोट ठेवून मॅनेजरलाच असं "श्श!" केलं, की त्याची मूठ सुटली. हे हलले नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही. फक्त कोपराने मला त्या हातभर फटीत ढकललं.

मी ऐकलं.

मला वाटलं होतं, गोड असेल. स्वयंपाकघरात माझ्या पाठीमागे वाजायचं ते नेहमी गरीब वाटायचं, मान खाली घालून आल्यासारखं. हे तसं नव्हतंच. ती खालच्या तारेवर गज असा रेटत होती की लाकूड घोगरं होऊन बोलत होतं. सूर वर चढायचा, तिथे कोणी नाही असं पाहून उलटा फिरायचा आणि पुन्हा त्याच जागी धडक द्यायचा. दयेची याचना नव्हे, जाब होता तो. चौदा वर्षं हे सगळं त्या रबराखाली होतं? आणि मी बाहेरच्यांना सांगत फिरायचे, आमची मुलगी फार शांत!

मग चेलोने तिला खालून हात दिला, व्हायोलिनं आली, आणि चौघं मिळून शेवटापर्यंत पळाली. टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेत पितळी पाटीच्याही, दोन.

माझा राग गेला होता का? मुळीच नाही. उलट त्याला सोबत मिळाली होती. ह्यांनी बूट काढला. चामड्यावर दाराच्या कडेचा वळ उमटला होता. "दुखतंय?" मी विचारलं. "दुखू दे," हे म्हणाले.

मध्यंतराचे दिवे लागले. बाजूच्या जिन्यावरून मुलगी आली, घामेजलेली, हातात गज तसाच. मला वाटलं, गळ्यात पडेल.

"माझ्या पहिल्याच सुरावर दार कुणी उघडलं?" ती म्हणाली. आवाज मघाचाच होता, व्हायोलाचा. "बाबा, तुम्ही?"

ह्यांनी मान हलवली, नाही. मॅनेजरचं नाव सांगायला ह्यांची जीभ रेटेना; बावीस वर्षांची सवय. मॅनेजर चार पावलांवर पितळी पाटीच्या हातात चहाचा कप देत होता.

"अगं, जाऊ दे," हे पुटपुटले.

मी हात लांब केला आणि सरळ मॅनेजरकडे बोट दाखवलं.

मुलगी गज घेऊन तिकडे निघाली. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले, की आता ही तिला अडवेल. मी नाही अडवलं.