तांबड्या अक्षरांतली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत हुकूम लिहायच्या जागी जी लुकलुकत वाट बघते, तीच मी. मला प्रॉम्प्ट म्हणतात.

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या दीप्तीच्या छोट्या ऑफिसात माझा जन्म गेला. ती लोकांचे जुने फोटो, आवाज जपून ठेवते. तिच्यासमोर मी दोन खिडक्यांत उभी असायची. साध्या खिडकीत मोठं काही पुसायला सांगितलं, तर कॉम्प्युटर सरळ नाही म्हणायचा. दुसरी ॲडमिनची, म्हणजे सगळे अधिकार असलेली. तिथं सांगाल ते होणार, वर विचारणार कोण? पण दोन्हीकडं माझा चेहरा एकच, पांढरा. एकदा चुकीच्या खिडकीत हुकूम सुटला आणि गिऱ्हाइकाचे फोटो पुसले गेले. प्रत होती म्हणून निभावलं.

तेव्हा तिचा भाऊ प्रसेनजीत म्हणाला, "ताई, दोन्हींची तोंडं सारखीच हाईत की! एकीचं बदल."

दीप्तीनं ॲडमिनच्या खिडकीत मला तांबडं केलं आणि पुढं लिहिलं, 'ॲडमिन हाय, दमानं!' काय मिरवले म्हणून सांगू! आठवडाभर येईल त्याला ती मला दाखवायची. मग सवय झाली. रोज बघून बघून तिची नजर माझ्यावरून घसरायला लागली. मला वाईट वाटायचं.

एक दिवस कुरुंदवाडहून तिची आत्या आक्काताई आली. सहा वर्षांपूर्वी तिनं गायलेल्या ओव्या दीप्तीनं कुलूपबंद ठेवल्या होत्या. नंतर आक्काताईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि गळा गेला. आता नातीच्या बाळाचं बारसं होतं, त्यासाठी तिला त्या ओव्या हव्या होत्या. दुसरी प्रत काढायची राहूनच गेली होती.

दीप्तीनं ॲडमिन होऊन ओव्यांचं कुलूप उघडलं. त्या ज्यात भरून द्यायच्या, त्या पेनड्राइव्हवरचा जुना कचरा आधी साध्या खिडकीतून पुसायचा होता. पण गप्पांच्या नादात 'सगळं पूस' हा हुकूम तिनं ॲडमिनच्या खिडकीत, ओव्यांच्या कप्प्यात लिहिला. मी तांबडी लाल होऊन उभी, पण मला ओरडता कुठं येतं?

आक्काताई मात्र शेजारी बसून पडद्यावरचं एकेक अक्षर लावून वाचत होती. घोगऱ्या आवाजात ती ओरडली, "आगं दीप्ते, हितं दमानं लिवलंय की! आन् तू न बघताच काय बडवाय लागलीयास?"

एंटरवर टेकणारं दीप्तीचं बोट थांबलं. तिनं मला वाचलं.

"व्हय की आत्ती! सगळ्या ओव्या गेल्या असत्या बघ."

तिनं हुकूम खोडला, आधी दोन प्रती काढल्या, मग ओवी लावली. आक्काताई मांडीवर ताल धरून म्हणाली, "गळा बरा हाय की गं बाईचा!" दोघी हसता हसता रडल्या. मला तर आनंद मावेना.

मित्रांनो, बारशाला बाळ पणजीच्या आवाजात झोपलं. म्हणून एवढंच मागते. तुमच्या हाती सगळं पुसायची ताकद असेल, तिथं मला वेगळा रंग द्या. आणि रंग दिलात म्हणून निर्धास्त होऊ नका, बोट टेकवण्याआधी एकदा माझ्याकडं बघा.