आठ वॅट आणि धोंड्याचं वाण

आमचे हे, मधुकरराव, रिटायर झाले अन् घरात गप्प बसून राहायले लागले. विचारलं तर हूं, नाही विचारलं तर तेही नाही. मग एक दिवस सोल्डरिंगचं सामान घेऊन आले अन् हिवाळाभर खपून गाण्याचा अ‍ॅम्प्लिफायर बनवला. आठ वॅटचा, पेढ्याच्या डब्याएवढा. पण चेहरा असा खुलला होता की मी चहाले कधी नाही म्हटलं नाही.

मग बर्डीच्या बाजारातून दोनशे वॅटचे स्पीकर आणले. काळेभोर, चकचकीत, उचलले तर कंबर जाईल असे. लावले, तर गाणं गोधडीत तोंड घालून म्हटल्यासारखं! पुण्याहून आमच्या सुशीलनं फोनवर ऐकलं अन् म्हणे, "बाबा, रेडीमेड घ्या ना. काहून एवढी मेहनत करता?" झालं! हे म्हणाले, "माझ्याच हाताले जमलं नाही. देऊन टाक कोणालेही." पुन्हा खुर्चीत, पुन्हा हूं.

मले असा राग आला! म्हटलं, देतेच. धोंड्याचा महिना लागला होता, पारशिवनीहून माझ्या भावाचं, चंद्रभानचं, जेवायचं बोलावणं होतं. लुगड्याखाली अ‍ॅम्प्लिफायर गुंडाळून पिशवीत घातला.

या महिन्यात जवायाले जेवू घालतात, वाण देतात. पण आमच्या यायनं लग्नातच सांगितलं होतं, सासरचं काही घेणार नाही. तत्त्व बापा, तत्त्व! दर धोंड्याले चंद्रभान शाल आणते, चांदीची वाटी आणते, अन् हे हात जोडतात. भाऊ माझा हसत ताट आत नेते अन् मागच्या खोलीत डोळे पुसते. हे मले माहीत, यायले नाही.

गेल्या गेल्या मी डबा भावाच्या हाती दिला. "तुमच्या भजनी मंडळाले होईल." त्याचा मंडपाचा धंदा. डीजे येण्याआधीचे लाकडी स्पीकर ओसरीत पडले होते, वहिनी त्यावर पापड वाळवते. इकडे हे जेवायले बसले, तिकडे भावानं पापड काढून वायर जोडली अन् मोबाईलवरचा अभंग लावला.

मायबाई! अभंग असा घरभर भरला की वहिनी वाढता वाढता थांबली.

यायच्या हातात पुरणाचा धोंडा तसाच राहिला. "कोणाचा अ‍ॅम्प्लिफायर आहे हा?"

"तुमचाच," मी म्हटलं. "देऊन टाक म्हटलं होतं ना? दिला."

खरकट्या हातानं उठले. स्पीकरसमोर वाकून पाहिलं. "अवं, याचा पडदा कागदाचा आहे, हलका. आठ वॅटबी याले हलवते. बर्डीवाले जड होते, त्यायले जोर पुरला नाही. मी नुसते वॅट पाहत बसलो." मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोष नव्हता वं."

चंद्रभान खुशीत बोलून गेला, "अ‍ॅम्प्लिफायर अन् स्पीकर, दोन्ही घेऊन जा, जवाईबापू!" अन् लगेच मान खाली घातली. "नाही, राहू द्या. तुम्ही काही घेत नाही."

आता दिलेलं परत मागावं कसं, अन् सासरचं घ्यावं कसं? मी एरवी मध्ये बोलल्याशिवाय राहत नाही, पण त्या दिवशी जीभ दातात धरली. हे उभे, भाऊ उभा, अभंग चालू.

"चंद्रभान," हे म्हणाले, "आजवर तुम्ही देत होते, मी मागितलं नव्हतं. हे मागून राहिलो. द्या."

भावानं कुंकवाची वाटी आणली. आधी स्पीकरले टिळा लावला, मग यायले. मी पदर तोंडाले लावला अन् भल्ली रडली, लपवलं नाही.

हे वाकले स्पीकर उचलायले, तर भावानं हात धरला. "वाण जवायानं नाही उचलायचं." अन् एकेक स्पीकर छातीशी धरून त्यानंच गाडीपर्यंत नेला.